जेवणाची यादी छापताना महिनाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी ‘जळगावात जेवून बघावीत अशी ठिकाणं’ ही यादी आपल्या पुरवणीत वाचली. अजिंठ्याची लेणी बघायला आलेला माणूस दोन रात्री जळगावात काढतो आणि पनीरची लाल भाजी खाऊन परत जातो, हे दुखणं जुनंच आहे. तेव्हा अशी यादी निघाली हे बरंच झालं. अडचण एवढीच, की तिच्यात हॉटेलांची नावं आहेत, पत्ते आहेत, चांदण्या आहेत, पण महिना कुठेच नाही. एका ठिकाणापुढे तर ‘भरीत, मांडे, वरण-बट्टी, सगळं बाराही महिने’ असं कौतुकानं लिहिलंय. खान्देशात हे कौतुक होत नाही, ती त्या हॉटेलाची तक्रार ठरते.

भरताचं वांगं थंडीतलं. मांडे (पालथ्या मातीच्या खापरावर भाजलेली पुरणपोळी) आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे. बट्टी जमते ती पाच-पन्नास पानांची असली तर. शेवभाजी तेवढी बारमाही, पण तिलाही तिची वेळ आहे. हे सगळं रोज, एकाच स्वयंपाकघरात, मागितल्याबरोबर पंधरा मिनिटांत मिळत असेल, तर त्यातलं निम्मं फ्रीजमधून निघतंय असं खुशाल समजावं. म्हणून आम्ही आमची यादी पाठवत आहोत. तिच्यात हॉटेलांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. आपल्याकडे पाटीपेक्षा आचारी महत्त्वाचा असतो, आणि आचारी दर दिवाळीला बदलतो. काय मागायचं, कधी मागायचं आणि समोर आलेलं खरं आहे की नाही हे कसं ओळखायचं, एवढं पाहुण्याला कळलं तर ठिकाण तो स्वतःच शोधेल.

पहिला मान भरताचा. ‘जळगाव भरीत वांगी’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगीच नाही. हे वांगं फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेषा, लांबट आणि चांगलं दणदणीत असतं. एक वांगं पाव किलोच्या खाली सहसा भरत नाही, अर्ध्या किलोचंही मिळतं. साल पातळ, बी कमी, आणि भाजल्यावर गराला तेलाचा हात फिरवल्यासारखी चकाकी येते. जळगाव, भुसावळ, यावल या पट्ट्यात ते पिकतं. बामणोदचं नाव त्यासाठी सगळीकडे घेतलं जातं, आणि बहिणाबाईंचं माहेर असलेल्या असोद्याचंही. हंगाम ऑक्टोबर संपता संपता सुरू होतो, डिसेंबर-जानेवारीत ऐन भरात असतो आणि फेब्रुवारीत उतरतो. मार्चची उन्हं लागली की वांग्यात बी धरतं, गर करकरीत होतो आणि चवीला कडवट छटा येते. चातुर्मासात वांगं न खाण्याची आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू करण्याची रीत याच हिशेबाशी जुळते. मे महिन्यात कुणी ‘जळगावचं भरीत’ वाढलं, तर त्यातलं जळगाव फक्त पाटीवर आहे.

वांगं चांगलं असूनही भरीत बिघडतं ते बहुतेक वेळा भाजताना. शेतात भाजतात ते कपाशीच्या पऱ्हाट्यांवर किंवा तुरीच्या तुराट्यांवर. हे सरपण भडकन पेटतं, मोठा जाळ देतं आणि लवकर बसतं. त्यामुळे साल चहूबाजूंनी करपते, आतला गर वाफेवर शिजतो आणि धूर सालीतून आत उतरतो. दहा-पंधरा मिनिटांत काम होतं, मात्र हात हलता हवा, वांगं सारखं फिरवत राहावं लागतं. भाजण्याआधी दोन-चार ठिकाणी टोचे मारतात, नाहीतर आतली वाफ कोंडून वांगं फुटतं. गॅसवर ज्योत एकाच जागी लागते, तिथे कोळसा होतो आणि देठाकडचा भाग कच्चा राहतो. मग तो कच्चेपणा झाकायला आचारी कढईत पाणी मारून झाकण ठेवतो. अशा भरताला ताटात पाणी सुटतं. वाढल्यावर पाच मिनिटांनी भरताच्या कडेनं पाण्याची रेघ दिसली, की समजावं.

साल काढायची ती हातानं. नळाखाली धरून सोलणं सोपं पडतं, पण पाण्याबरोबर धूरही जातो, मग पऱ्हाट्यांवर भाजलं काय आणि गॅसवर भाजलं काय. सोललेलं वांगं लाकडी खोलगट भांड्यात लाकडी मुसळीनं ठेचतात. ठेचल्यावर गराच्या दशा सुट्या राहतात. मिक्सरमधून काढलं की त्या तुटतात आणि खळीसारखा चिकट गोळा होतो. चमचा उभा करून बघावा: भरीत चमच्यावरून तुटून पडलं पाहिजे, ओघळता कामा नये.

बाकीचा ऐवज साधा आहे. एक किलो वांग्यांना ऐंशी ते शंभर ग्रॅम हिरव्या मिरच्या (वांग्यांबरोबरच भाजून घेतलेल्या), लसणाचा एक मोठा गड्डा, मूठभर शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे थोडे काप, कांद्याच्या पातीची एक जुडी, भरपूर कोथिंबीर आणि वाटीभर तेल. मिरची, लसूण आणि मीठ वांग्याबरोबरच ठेचायचं. तेलात आधी शेंगदाणे तांबूस करायचे, मग खोबरं, मग पातीचा पांढरा भाग, आणि शेवटी भरीत. पातीचा हिरवा भाग उतरवताना घालायचा. टोमॅटो नाही, हळद नाही, लाल तिखट नाही, गरम मसाला तर नाहीच. रंग फिकट हिरवट-पांढरा राहतो. लालभडक भरीत चवीला कदाचित चांगलंही लागेल, पण ते पंजाबकडचं.

मागवायची रीत अशी, की भरीत सेंटरवर ते किलोवर मिळतं. चार माणसांना एक किलो तयार भरीत होतं, खाणारे दांडगे असतील तर तीन जणांनाच. सोबत पुरी मागा किंवा कळण्याची भाकरी. सकाळी अकराच्या सुमारास पहिली कढई उतरते, ती गाठावी. संध्याकाळी सातला मिळणारं भरीत सकाळचं आणि दोनदा गरम केलेलं असण्याची शक्यता दाट, आणि गरम करताना त्यात पुन्हा तेल पडतं. धाब्यावरचं भरीत तेलकट लागतं म्हणणाऱ्यांनी एकदा अकरा वाजता खाऊन बघावं.

कळण्याची भाकरी, अहिराणीत ‘कयनानी भाकर’, ही यादीतली दुसरी गोष्ट, आणि पाहुण्यांच्या पानात सगळ्यांत कमी येणारी. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळून केलेलं पीठ. प्रमाण चारास एक: एक किलो ज्वारीला पाव किलो उडीद, दळतानाच मीठ, आणि काही घरांत चमचाभर मेथीदाणा. ज्वारी दादर असेल तर प्रश्नच नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला नुसत्या ओलीवर येणारी ही ज्वारी, तिच्या पिठाला अंगची गोडी असते. नुसत्या ज्वारीला चिकटपणा नसतो, तो उडीद देतो, म्हणून कळण्याची भाकरी पातळ थापली तरी चिरत नाही. पण उडीद हात सैल सोडून टाकले तर भाकरी तव्याला धरते, आणि निवल्यावर वातड होते. रंग करडा, त्यावर उडदाच्या सालीचे काळे ठिपके. पांढरीशुभ्र भाकरी कळण्याची म्हणून आली तर परत पाठवायला हरकत नाही. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर कच्चं शेंगदाणा तेल आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. लोणी असलं तर आणखी काही मागू नये.

ही भाकरी तव्यावरून उतरल्यापासून दहा मिनिटांत खाण्याची चीज आहे. म्हणून हॉटेलात शिरताना आधी भाकऱ्या कुठे थापतायत ते बघा. बाई चुलीशी बसलेली दिसली तर बसा. भाकऱ्या फडक्यात रचून ठेवलेल्या दिसल्या तर त्या दिवशी पुरी खा.

आता शेवभाजी. हिच्याबद्दल बाहेर इतकं लिहून आलंय की खान्देशी म्हणजे शेवभाजी असंच समीकरण झालंय, आणि सगळ्यांत जास्त फसवणूकही हिच्याच नावानं होते. मुळात ही घाईची भाजी. भाजीपाला नाही, पाहुणे दारात, मग डब्यातली शेव काढा. त्यामुळे सगळी मदार वाटणावर. चार माणसांसाठी दोन मोठे कांदे उभे चिरून तेलावर चांगले काळपट तांबूस होईपर्यंत परतायचे. अर्धी वाटी सुकं खोबरं खमंग भाजायचं, शक्यतो वाटी थेट विस्तवावर धरून. दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर. हे सगळं एकत्र बारीक वाटायचं, पाट्यावर जमलं तर उत्तम. कढईत तेल सढळ हातानं, त्यात वाटण घालून मंद आचेवर कडेनं तेल सुटेपर्यंत परतायचं. याला पंधरा मिनिटं लागतात, आणि हॉटेलवाले नेमकी हीच पंधरा मिनिटं वाचवतात. मग दोन चमचे काळा मसाला, एक चमचा तिखट, आणि लगेच उकळतं पाणी.

पाणी उकळतंच हवं. गार पाणी पडलं की तेल आणि वाटण एकमेकांत मिसळून बसतात, तर्री वर येत नाही, रस्सा मातकट दिसतो. उकळतं पाणी घालून आठ-दहा मिनिटं खळखळू दिलं की तेल आपोआप वर येतं, काळसर लाल, कडेनं चमकणारं. रस्सा पातळच असतो. घट्ट, नारिंगी, गोडसर ग्रेव्ही आली तर ती काजू-टोमॅटोच्या पंजाबी भाजीतली उरलेली, वर शेव भुरभुरलेली.

शेव जाड हवी, लसूण-तिखट-ओवा घातलेली, दाताखाली कटकन मोडणारी. दुकानात ‘भाजीची शेव’ म्हणून वेगळी मागितली की देतात. बारीक शेव रस्सा लगेच पिऊन टाकते आणि पिठलं होतं. सोडा जास्त पडलेली खुसखुशीत शेव तोंडात विरघळते तशीच रश्शातही विरघळते. चौघांना दीडशे ते दोनशे ग्रॅम पुरे. आणि ती घालायची पानात बसल्यावर. म्हणून मागवताना एकच वाक्य लक्षात ठेवा: ‘शेव वेगळी द्या.’ वाढपी हसून मान डोलावेल, कारण हे वाक्य इथल्याच माणसाचं असतं. रश्शात थोडी-थोडी शेव टाकत, अर्धी मऊ अर्धी कडक असतानाच भाकरीबरोबर खायची. दुपारच्या गर्दीत शेव आधीच घालून ठेवलेली पातेली असतात, त्यामुळे शेवभाजी रात्री खावी. सुरत-नागपूर रस्त्यावर किंवा धुळ्याजवळ मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक थांबलेल्या धाब्यावर कढई मागणीनुसार चढते, तिथे ती अजूनही बरी मिळते.

हाच रस्सा नीट जमणारी जागा सापडली तर दुसऱ्या दिवशी तिथेच डुबुकवडे विचारा. बेसनाचं सैलसर भिजवलेलं पीठ उकळत्या रश्शात हातानं सोडतात. उकळी जोरात असेल तरच वड्याला वरून कवच धरतं, मंदावली तर पीठ रश्शात विरून जातं. त्यामुळे डुबुकवडे करणारा आचारी रस्सा बिघडवणाऱ्यांतला नसतो. पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्साही याच घराण्यातला.

काळ्या मसाल्याबद्दल दोन ओळी, कारण पाहुणे तो पाव-अर्धा किलो बांधून नेतात. धने, सुकं खोबरं, दगडफूल, तमालपत्र, बाद्यान, दालचिनी, लवंग, मिरी, शहाजिरं, नागकेशर, जावित्री, हळकुंड, हिंग आणि लाल मिरची, प्रत्येक जिन्नस वेगळा तळून किंवा भाजून. काळा रंग येतो तो खोलवर भाजलेल्या खोबऱ्यातून, धन्यांतून आणि दगडफुलातून. धने एक मिनिट जास्त राहिले तर मसाला काळा होण्याऐवजी कडू होतो. मिरची नंदुरबारकडची असते. हिवाळ्यात नंदुरबारला गेलात तर बाजाराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या वाळत पडलेल्या दिसतात, जमीन लाल दिसते. मसाला कांडपावर होतो मार्च ते मे. म्हणून मे-जूनमध्ये घ्याल तो ताजा, दिवाळीत घ्याल तो सहा महिन्यांचा. चिमूट तळहातावर चोळून वास घ्या: आधी दगडफूल आलं पाहिजे, तेलाचा खवट वास आधी आला तर खोबरं जुनं.

मांडे हे आपल्या यादीत ‘मिष्टान्न’ या सदरात शेवटी आलंय, याचं वाईट वाटलं. खान्देशात मांडे म्हणजे जेवणच. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, घरात आंब्याचा रस, आणि ताटात मांडे, रशी, भात, कुरडई, पापड, भजी. बाकी महाराष्ट्रात पुरणपोळी होळीची, इथे ती खरी वैशाखातली, कारण तिला रस लागतो.

कारागिरी इतकी अवघड की कृती वाचून ती येत नाही, पण परीक्षा करता येते. गहू ओलवून बारीक दळतात आणि पीठ वस्त्रगाळ करतात, कोंड्याचा कण राहता कामा नये. कणीक मीठ-तेल लावून चांगली अर्धा-पाऊण तास तिंबायची, ओढली तर रबरासारखी लांबली पाहिजे. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं, डाळीला जवळजवळ बरोबरीचा गूळ किंवा साखर, वेलची-जायफळ. डाळीचा एक कच्चा दाणा राहिला तर मांडा तिथेच फाटतो. पुरण सैल झालं तर मधोमध फाटतो. दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून कडा दाबायच्या, थोडं लाटायचं, आणि मग पोळपाट सोडून हातांवर घ्यायचं. दोन्ही हातांच्या पंजांवरून, मनगटांवरून तो फिरत फिरत मोठा होतो, दीड-दोन फुटांपर्यंत, आणि पालथ्या खापरावर अलगद पडतो. तिथे सुरकुती पडली तर ती निघत नाही. खाली लाकडाचा जाळ सगळीकडे सारखा हवा, एका बाजूला भडकला तर तिथे डाग पडतात. नवं खापर एकदम मोठ्या जाळावर ठेवलं तर तडकतं, म्हणून ते आधी मंद विस्तवावर हळूहळू तापवून घेतात. मांडा उतरला की गरम असतानाच घडी घालायची, निवल्यावर घातली तर मोडतो.

खरा मांडा उजेडाकडे धरला तर आतलं पुरण सगळीकडे सारखं पसरलेलं दिसतं, कडेपर्यंत. मध्ये गोळा आणि कडा कोऱ्या असल्या तर तो लाटण्यानं लाटून तव्यावर भाजलेला. तव्यावरच्यावर तपकिरी गोल ठिपके येतात, खापरावरच्यावर फिकट सोनेरी. रस नसलेल्या दिवसांत तो दूध-तुपाबरोबर खातात. रशी म्हणजे पुरणाच्या डाळीचं वरचं पाणी काळ्या मसाल्यावर फोडणीला घातलेलं. ती तिखट आणि पाण्यासारखी पातळ असते, वाटीनं पितात. दोन घास गोड, एक भुरका रशी, हा क्रम मोडला तर दीड मांड्यावर माणूस आडवा होतो.

जळगाव, भुसावळ, धुळ्यात ऑर्डरवर मांडे करून देणाऱ्या बाया आहेत. बचत गटांच्या विक्री-प्रदर्शनांत त्या खापरं लावतात तेव्हा समोर उभं राहून बघता येतं, आणि बघण्यासारखंच असतं ते. आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण गहू रात्रीच ओलवतात. आखाजीच्या आठवड्यात तर चार दिवस आधी. माणशी एक मांडा पुरतो. ‘एक तर एक, पण आत्ता द्या’ असं म्हणू नये. दोन मांड्यांसाठी कुणी खापर तापवत नाही, निदान पाच-सहांची मागणी घेऊन जावं.

वरण-बट्टी ही पंगतीची चीज. लग्नाच्या हळदीला, भंडाऱ्याला, शेतात. जाडसर दळलेले गहू एक किलो, त्यात पाव किलो मका, ओवा, जिरं, हळद, मीठ, वाटीभर तेलाचं मोहन, चिमटीभर सोडा. पीठ घट्ट भिजवून लांबट उंडे करतात आणि ते वीस-पंचवीस मिनिटं वाफवतात किंवा उकडतात. मग पूर्ण गार होऊ देऊन तुकडे करायचे. इथे घाई नडते: गरम उंडा कापला तर भुगा होतो, आणि तो भुगा तेलात जळून पुढचा सगळा घाणा कडू करतो. तुकडे मध्यम आचेवर तांबूस होईपर्यंत तळायचे. शेतावर गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेली बट्टी वेगळी, ती न तळता तुपात बुडवतात. ती मिळाली तर तळलेलीकडे बघू नये. वरण तुरीचं, गोडं नाही आणि झणझणीतही नाही, जिरं-हिंगाच्या फोडणीचं. जोडीला घोटलेली वांग्याची भाजी. वांगी, हिरवी मिरची, कोथिंबीर मोठ्या कढईत शिजवून लाकडी घोटण्यानं एकजीव केलेली. केळीच्या पानावर बट्टी हातानं कुस्करायची, मध्ये आळं करून वरण, वर तूप. चमचा मागितला तर मिळेल, पण बट्टी चमच्यानं नीट कुस्करली जात नाही.

दोघा-चौघांच्या ऑर्डरवर केलेली बट्टी जमत नाही, कारण वाफवलेले उंडे कालचे असतात. बऱ्याच खानावळी ती रविवारी दुपारी करतात. तेव्हा रविवार दुपार तिला द्यावी, आणि त्यानंतर लेणी-बिणी ठेवू नयेत.

उरलेलं झटपट. खान्देशात रात्रीचं खरं जेवण म्हणजे तुरीच्या डाळीची खिचडी, वर लसणाची फोडणी किंवा नुसतं कच्चं तेल, सोबत कढी आणि उडदाचा पापड. हॉटेलात ती ‘दाल खिचडी’ होऊन जिरं-तुपात येते, म्हणून खानावळीत मागा. फौजदारी डाळ म्हणजे एकत्र मिसळलेल्या डाळींना काळ्या मसाल्याचा दणका, ती सांभाळून. पावसाळ्यात गिलक्याची (घोसाळ्याची) भजी. कोवळं गिलकं हवं, जून झालं की आत जाळी येते. उन्हाळ्यात गच्च्यांवर बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कुरडया पडतात तेव्हा ओळख काढून एखाद्या घरी जावं, कारण गव्हाचा गरम चीक साखर-तुपाबरोबर खायला कुठल्याच हॉटेलात मिळत नाही. मेहरूणची बोरं थंडीत, हातगाडीवर. फैजपूर-सावदा भागात रस्त्याकडेला केळीचे वेफर्स तळताना दिसले तर थांबावं. कच्ची केळी किसणीवरून थेट कढईत पडतात, वर मिठाचं पाणी शिंपडतात आणि तेल तडतडतं. तेल काळं दिसलं तर पुढची गाडी बघावी. आणि भुसावळहून पुढे रेल्वेनं तासाभरावर बऱ्हाणपूर आहे. ते आता मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या खान्देशाची राजधानीच, तिथली काळसर मावा जिलेबी आणि दराबा या मिठायांना आम्ही परप्रांतीय मानत नाही.

पाहुण्याचे दोनच दिवस असतील तर मांडणी अशी बसते. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, हे विसरून येणारे पुष्कळ. तेव्हा शनिवारी लेणी, रात्री धाब्यावर शेवभाजी. रविवारी दुपारी वरण-बट्टी, रात्री खिचडीशिवाय काही जाणार नाही. सोमवार मोकळा मिळाला तर थंडीत अकराचं भरीत गाठून पुढे फैजपूरकडे, आणि वैशाखात आधी सांगून ठेवलेले मांडे. मात्र मे महिन्यात जळगावचा पारा ४५च्या आसपास असतो. मांडे-रस सकाळी अकरापर्यंत आटोपावेत आणि दुपारी खोलीबाहेर पडू नये. आणि तिखटाचं काय, असा प्रश्न येईल. ‘तिखट कमी करा’ म्हटलं की आचारी रश्शात पाणी घालतो आणि भाजी बिघडते. त्यापेक्षा ‘तर्री वेगळी द्या’ म्हणावं.

पुढच्या वेळी अशी यादी काढाल तेव्हा प्रत्येक पदार्थापुढे चार रकाने ठेवावेत, ही विनंती: कोणत्या महिन्यांत, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती आधी सांगावं लागतं, आणि कशावर शिजतं: पऱ्हाट्या, गोवऱ्या, खापर की गॅस. चांदण्यांचा रकाना काढला तर तेवढी जागा निघते. मांडे करणाऱ्या बायांची परवानगी घेऊन त्यांचा संपर्क आखाजीच्या पंधरा दिवस आधी छापलात, तर ती कात्रणं घरोघरी फ्रीजवर लागतील.

कळावे.

आपले,
काही खाणारे, काही रांधणारे
जळगाव